रंगाची पारख करणारे कण

साडी घेताना ती दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उन्हात निरखावयाची, ही आपल्या गृहिणींची जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे. अलीकडे मात्र साडीचे छायाचित्र मोबाइलवर येते, पसंती कळविली जाते, आणि पुडके उघडताच डाळिंबी रंगाच्या जागी विटकरी रंग हाती येतो! दोष नेहमीच दुकानदाराचा असतो असे नाही. पुष्कळदा कॅमेऱ्याची दृष्टीच अपुरी पडते.

कॅमेऱ्यातील प्रकाशग्राहक सिलिकॉनचा असतो. प्रकाश किती पडला एवढेच तो सांगतो. कोणत्या रंगाचा पडला, हे त्यास कळत नाही. म्हणून ब्राइस बायर या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याच्या सूक्ष्म चौकटींवर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्या बसविण्याची युक्ती काढली. १९७६ साली तिचे पेटंट मिळाले. मात्र तीत साऱ्या वर्णपटाचा हिशेब तीनच आकड्यांत उरकावा लागतो. आपल्या डोळ्यांतही रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या आहेत. परंतु त्यांचे आणि या गाळण्यांचे गणित तंतोतंत जुळत नाही. फसगत होते ती येथेच.

येथे उपयोगी पडतात ते क्वांटम डॉट, म्हणजेच पुंज-बिंदू. हे अर्धवाहक पदार्थांचे स्फटिक इतके लहान असतात की, केसाच्या जाडीइतक्या अंतरात सुमारे दहा हजार कण एका ओळीने मावावेत. सतारीची तार पडद्यावर दाबून आखूड केली की स्वर चढतो. तसेच कण लहान झाला की त्यातील इलेक्ट्रॉनला जाग होण्यासाठी अधिक ऊर्जा लागते. त्यामुळे पदार्थ तोच राहूनही केवळ आकारमानाने रंग बदलतो. अलेक्सेई एकिमोव्ह यांना १९८१ मध्ये काचेत व लुई ब्रस यांना १९८३ मध्ये द्रवात हा परिणाम दिसला. १९९३ साली मौंगी बावेंडी यांनी सारख्या आकाराचे कण बनविण्याची रीत शोधली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लहानात लहान कण फक्त जांभळा-निळा प्रकाश गिळतात. थोडे मोठे कण त्याबरोबर हिरवाही गिळतात. आणखी मोठे कण तांबड्यापर्यंत जातात. मग रंग वेगळे कसे करावयाचे? घरखर्चाच्या वहीप्रमाणेच! किराणा व दूध मिळून किती आणि एकट्या किराण्याचे किती, हे ठाऊक असले की दुधाचा खर्च वजाबाकीने कळतो. जिए बाओ व बावेंडी यांनी २०१५ साली अशा १९५ प्रकारच्या कणांचे ठिपके कॅमेऱ्याच्या ग्राहकावर मांडून, लहानशा जागेत मावणारा वर्णपटमापक करून दाखविला. तीन आकड्यांच्या जागी १९५ आकडे आले, की एकसारखे भासणारे दोन रंगही वेगळे ओळखता येतात. शिसे व गंधक यांच्या संयुगाचे कण तर सिलिकॉनला न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतात.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. यांपैकी पुष्कळ कणांत कॅडमियम किंवा शिसे असते, आणि ही दोन्ही विषारी आहेत. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम पाण्यावाटे भातात उतरले आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली; प्रदूषणामुळे जडलेला रोग म्हणून १९६८ साली त्याची अधिकृत नोंद झाली. उपकरणात बंदिस्त असेतो कणांची भीती नाही. प्रश्न उपकरण टाकून देण्याच्या वेळचा आहे. म्हणूनच इंडियम फॉस्फाइडसारखे पर्याय पुढे आले आहेत. आपणही जुनी विद्युत्-उपकरणे केरात किंवा चुलीत न टाकता ती गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावीत.

आणि साडी? ती तूर्त उन्हात नेऊनच पाहावी!