मनाचा डॉक्टर फक्त त्यांचाच का?

आमच्यातले काही कवीमित्र छाती ठोकून सांगतात : डॉक्टर-बिक्टर कशाला? आम्ही लिहितो, तोच आमचा इलाज. स्वतःला सोलायला आम्हाला दुसरा कोणी लागत नाही.

मी पण लिहितो. लिहिल्यावर गोण उतरल्यासारखं वाटतं, हे खरंय. पण गोण उतरणं वेगळं आणि दुखावलेला मणका नीट होणं वेगळं.

गोदीत क्रेनवाल्याला जहाजाच्या पोटातलं दिसत नाही. कितीही हुशार असू दे, काठावर उभा राहून हाताने इशारा करणारा गडी त्याला लागतोच. मनाचंही तेच. जे दिसू नये म्हणून मनानेच दडपलंय, ते त्याच मनाला कसं सापडणार? आरोपीही आपण, वकीलही आपण, जज्जही आपण. असल्या कोर्टात खरा निकाल लागतो का कधी?

ही माझ्या एकट्याची अक्कल नाही. १८९६ साली बाप वारल्यावर फ्रॉईड व्हिएन्नात स्वतःचंच मन उकरत बसला. नोव्हेंबर १८९७ मध्ये बर्लिनच्या फ्लीस या डॉक्टरमित्राला त्यानेच कळवलं, की खरंखुरं आत्मविश्लेषण अशक्य आहे. जमलं असतं तर हा आजारच उरला नसता. आणि हे उकरणंही मित्राला पत्रं लिहीत लिहीतच चाललं होतं. करेन हॉर्नायने १९४२ मध्ये आत्मविश्लेषणावर आख्खं पुस्तक लिहिलं. माणूस एकट्याने बरंच करू शकतो, असं ती म्हणते. पण मर्यादाही तीच सांगते.

कोणी म्हणेल, समोरच्या खुर्चीत सवर्णच असणार. ‘आता जात राहिलीय कुठे?’ म्हणून आमच्या अपमानाला भ्रम ठरवणार. बरोबर आहे. असला माणूस म्हणजे डोळे मिटून काठावर उभा राहिलेला गडी. व्यवस्थेचा रोग तो आमच्या डोक्यात शोधत असेल तर त्याला तिथंच अडवा. पण म्हणून दवाखान्याचं दारच सोडायचं? पाणी त्यांच्या ताब्यात होतं म्हणून बाबासाहेबांनी तळं सोडलं नाही. १९२७ ला महाडला जाऊन ओंजळ भरली.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ परवडणाऱ्या खर्चात उपचाराचा हक्क देतं. जातीवरून भेदभाव नको, असंही त्यात लिहिलंय. तो कागद वस्तीत आणा. सरकारी दवाखान्यात मनाचा डॉक्टर मागा, जात समजणारा मागा. आमची पोरं-पोरी त्या खुर्चीत बसवा.

गुत्त्यावर एकट्याने स्वतःशीच बोलत आमची किती माणसं खपली! कविता लिहाच, दोस्तहो. पण माणसाला ऐकणारा माणूस मिळवून देणं, ही पण चळवळच आहे.