भाड्याच्या जागेवरील पाटी

दुकान थाटायचे तर आधी जागा, मग माल आणि शेवटी पाटी, असा व्यवहाराचा क्रम असतो. महाजालावर मात्र हा क्रम उलटा झाला. तेथे पाटी आधी मिळाली आणि तीही फुकट! ती ज्या जागेवर लावली ती जागा कोणाची, हा प्रश्न विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. मार्च २०२४ मध्ये गुगलने आपल्या ‘बिझनेस प्रोफाइल’मधून तयार झालेली सर्व संकेतस्थळे बंद केली, तेव्हा जगभरातील छोट्या व्यावसायिकांना या प्रश्नाचे उत्तर मिळाले. १० जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्या ग्राहकाला त्या व्यवसायाच्या गुगलवरील नोंदीकडे वळविले जात होते. त्यानंतर ती सोयही संपली. ज्यांनी हा पत्ता व्हिजिटिंग कार्डांवर, बिलबुकांवर वा टेम्पोच्या पाठीवर छापून घेतला होता, त्यांचा खर्च पाण्यात गेला.

या सेवेचा भारताशी विशेष संबंध होता. जानेवारी २०१७ मध्ये दिल्लीत आलेल्या सुंदर पिचाई यांनी भारतातील लघुउद्योजकांसमोर ती मांडली होती. मोबाइलवरून काही मिनिटांत, पैसा न मोजता संकेतस्थळ उभे राहील, हे तिचे आकर्षण होते. त्याआधी नोव्हेंबर २०११ मध्ये याच कंपनीने तीन वर्षांत पाच लाख भारतीय लघुउद्योगांना महाजालावर आणण्याची मोहीम जाहीर केली होती. तीत संकेतस्थळ आणि ‘डॉट इन’ नाव पहिले वर्ष मोफत होते. दोन्ही योजनांतून अनेकांनी महाजालावर पहिले पाऊल टाकले, हे नाकारता येणार नाही. कंपनीने बंदची पूर्वसूचनाही दिली होती. त्यामुळे कोणी कोणाला फसविले, असे म्हणण्यास जागा नाही. फुकट दिलेली वस्तू देणाऱ्याच्या सोयीने परत घेतली जाते, एवढाच यातील धडा आहे.

हा धडा एकट्या गुगलपुरता नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. निर्णयामागील सुरक्षेचे कारण वेगळे. पण तेथे प्रेक्षक जमवून आपला माल खपविणाऱ्यांची बाजारपेठ त्याबरोबर गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद पडले. केवळ व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेणाऱ्या घरगुती डबेवाल्यांपासून साडीविक्रेत्यांपर्यंत सर्वांना तेवढा काळ हातावर हात ठेवून बसावे लागले. गिरगावातील पागडीच्या गाळ्यात बसणाऱ्या दुकानदाराला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असते. मालकाच्या मनात आले म्हणून त्याला उठविता येत नाही. महाजालावरील फुकट गाळ्यात बसणाऱ्याला असे कोणतेही संरक्षण नाही.

याचा अर्थ या माध्यमांकडे पाठ फिरवावी, असा नव्हे. आज ग्राहक प्लंबर वा केकचे दुकान शोधतो तो नकाशावर. तेथे नाव, वेळ आणि दूरध्वनी क्रमांक अचूक नसेल, तर तो शेजारच्या दुकानात जातो. मात्र नकाशावरील नोंद ही चौकातील दिशादर्शक पाटी आहे; ती दुकानाची जागा घेऊ शकत नाही. दुकान म्हणजे स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ. ‘डॉट इन’ नावाची नोंदणी २००५ पासून सर्वांना खुली आहे आणि तिचा वार्षिक खर्च सर्वसाधारणपणे हजार रुपयांच्या आत बसतो. खरी मेख पैशांत नसून मालकीत आहे. संकेतस्थळ बनविणारा अनेकदा ते नाव स्वतःच्याच खात्यावर नोंदवितो. पुढे त्याच्याशी बिनसले की व्यावसायिकाला आपल्याच नावासाठी त्याच्या दारात उभे राहावे लागते. म्हणून नोंदणी स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-मेलवर असणे आणि नूतनीकरणाची तारीख वहीत लिहिलेली असणे आवश्यक आहे. छायाचित्रे, मजकूर आणि ग्राहकांची यादी यांची प्रतही स्वतःजवळ हवी. एवढे हाती असेल, तर एक गाळा गेला तरी दुसऱ्या गाळ्यात दुकान थाटता येते.

प्रसिद्धीच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. ‘तुम्हाला गुगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो’, असे सांगणारे दूरध्वनी व्यापाऱ्यांना नवे नाहीत. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. विकत घेतलेल्या खोट्या अभिप्रायांपेक्षा खरे दर, खरी छायाचित्रे आणि विचारलेल्या प्रश्नाला वेळेवर दिलेले उत्तर अधिक टिकते. बाजारपेठेतील पतीचा हा जुनाच नियम आहे.

शेवटचा मुद्दा भाषेचा. दुकानांवरील पाट्या मराठीत हव्यात, यासाठी राज्याने २०२२ मध्ये कायदा बदलला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे नाव तर २०१४ पासून उपलब्ध आहे. तरीही रस्त्यावर मराठी पाटी लावणाऱ्या अनेकांचे महाजालावरील दुकान केवळ इंग्रजीत बोलते. त्यासाठी नवा कायदा नको. व्यापारी संघटना आणि जिल्हा उद्योग केंद्रांनी संकेतस्थळ कसे बनवावे याबरोबरच ते कोणाच्या नावावर असावे, हेही शिकविले तरी पुष्कळ होईल. पाटी कोणत्या भाषेत, हा वाद आपण न्यायालयापर्यंत नेला. ती कोणाच्या भिंतीवर टांगली आहे, हेही आता पाहावयास हवे.