एक चुकलेलं मत

तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी हात वर केला होता. पूर्वेच्या भिंतीलगत तगर, जास्वंद आणि कोरांटीची जुनी, वेडीवाकडी वाढलेली झुडपं होती. ती काढून तिथे 'लँडस्केपिंग' करायचं, असा ठराव होता. प्रेझेंटेशन झकास होतं. एका उंचीत कापलेलं पिवळ्याधमक ड्युरांटाचं कुंपण, पुढे लॉन, दोन कोपऱ्यांत दोन पाम. मी पडलो कोडमधल्या इंडेंटेशनवरून भांडणारा माणूस. ती सरळ रेषा पाहून मन भरून आलं!

विरोधात एकच मत पडलं, तळमजल्यावरच्या काकूंचं. "अहो, पण फुलं?" एवढंच त्या म्हणाल्या. "काकू, फुलं बाजारात मिळतात की," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

आज वाटतं, त्या सभेत मुद्द्याचा प्रश्न फक्त काकूंनी विचारला होता.

ड्युरांटा हे झाड मुळात वाईट नाही. मोकळं वाढू दिलं तर त्याला फिकट जांभळ्या फुलांचे छान घोस येतात. (फळं मात्र विषारी, लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा.) पण फुलं येतात फांद्यांच्या शेंड्यांना आणि आमचा माळी शेंडे उडवतो दर पंधरा दिवसांनी. म्हणजे आम्ही काय लावलं, तर रोज पाणी पिणारी एक भिंत. लॉनचं तर विचारूच नका. मे महिन्यात पिण्याच्या पाण्याचा टँकर मागवायचा आणि संध्याकाळी पाइप लावून गवत भिजवायचं, हा विनोद आम्ही दरवर्षी न हसता करतो.

आणि काढलं काय? जास्वंदीवर सकाळी शिंजीर यायचे, फुलात चोच घालून मध प्यायचे. तगरीवर पावसाळ्यात कधी कधी एक जाडजूड हिरवी अळी दिसायची, मानेजवळ दोन निळे डोळे रंगवल्यासारखी. तिचा पुढे हिरव्या नक्षीचा मोठा सुंदर पतंग होतो. हे मला झुडपं गेल्यावर कळलं. आधी मी त्या अळीला 'कीड' म्हणत असे. काकूंची परडी पूर्वी सकाळी साडेसहाला भरायची. आता त्या फुलांची पुडी विकत आणतात.

आता कोणी म्हणेल, म्हणजे 'देशी लावा, विदेशी उपटा' तर! नाही हो. तसं करायचं तर देवळापुढचा पांढरा चाफा आधी उपटावा लागेल, तो मध्य अमेरिकेकडचा. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. बोगनवेल ब्राझीलची, आणि पुण्याच्या उन्हात कमी पाण्यावर तिच्याइतकं भरभरून फुलणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. (जास्त पाणी घातलं तर नुसती पानं देते.) झाड आलं कुठून यापेक्षा ते इथे येऊन करतं काय, हे बघावं. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेचं झुडूप म्हणून आली आणि आज देशभरच्या जंगलांत माजली आहे. नद्या गिळणारी जलपर्णीही देखण्या फुलांसाठीच आणलेली. शोभा फुकट नसते, एवढाच याचा अर्थ.

माझं म्हणणं इतकंच की आपण झाड आधी निवडतो आणि जागा नंतर शोधतो. रिक्वायरमेंट न लिहिता सॉफ्टवेअर विकत घ्यावं तसं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जायचं, फुललेलं दिसेल ते उचलायचं आणि मार्चमध्ये रिकाम्या कुंड्या मोजायच्या. यातली बरीचशी हिवाळी फुलं मुळातच एका हंगामाची असतात, हे विक्रेता आपणहून कशाला सांगेल?

मीही हे केलंय. आमची गॅलरी दक्षिणेची. डिसेंबरात तिथे दिवसभर ऊन पाहून चार मोगरे आणले. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन लागतं आणि तो फुलतो उन्हाळ्यात. पण उन्हाळ्यात सूर्य चढतो डोक्यावर. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तर भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. वरच्या मजल्याचा स्लॅब आणि हा सूर्य, दोघांनी मिळून माझ्या मोगऱ्यांना बरोबर बहराच्या वेळी सावलीत बसवलं. एकूण कमाई, सात कळ्या. आता ते मोगरे गच्चीवर आहेत आणि गॅलरीत अबोली आहे, जिला अर्धवट सावली चालते. दोघंही खूश.

तेव्हा नर्सरीत जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. ऊन किती तास, आणि कुठल्या महिन्यात. मे महिन्यात पाणी कोण घालणार. आणि आपल्याशिवाय हे झाड कोणाच्या उपयोगाचं आहे. घरात रांगतं मूल असेल तर चौथी गोष्ट, ते तोंडात गेलं तर काय. कण्हेर कितीही देखणी असली तरी तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

असो. येत्या सप्टेंबरात पुन्हा सभा आहे. भिंतीलगतची निम्मी पट्टी तरी परत तगर-जास्वंदीला द्यावी, असा ठराव मी मांडणार आहे. खर्च जवळजवळ नाही, कारण दोन्ही पावसाळ्यात फांदी खोचून लागतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येईल, कडुनिंबाचं तेल फवारावं लागेल, कुंपण वेडंवाकडं दिसेल. हे सगळं आधीच सांगणार आहे. ठराव मंजूर होईल की नाही, माहीत नाही. पिवळी सरळ रेषा बऱ्याच जणांना आवडते.

काकूंना विचारलं, फांद्या कुठून आणायच्या? त्यांनी मागच्या अंगणातली एक बादली दाखवली. झुडपं तोडली त्या दिवशी त्यांनी तगरीची एक फांदी उचलून ठेवली होती. ती आता माझ्या खांद्याइतकी झाली आहे.