हत्यार कोणाच्या मापाचे?



हंडा डोक्यावर टेकावा म्हणून जुनेर पिळून चुंबळ केली, ती बाईनेच. अडचणीवर हाताने वस्तू घडवणे आपल्याला नवे नाही. पण जे हत्यार विकत येते, त्याचे माप कोण ठरवते?

खुरपणी हे 'बायकांचे काम'. दिवसभर उकिडवे बसून, वाकून खुरपायचे. कंबर धरली तर 'बायकांची दुखणी' म्हणून सोडून द्यायचे. दोष बाईच्या अंगात नसून खुरप्याच्या आखूड मुठीत आहे, असे कोणी म्हणत नाही.

कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांनी ते म्हटले. तिथे भाजीच्या शेतांत आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर वाकून काम करावे लागे. मालक म्हणत, त्यानेच काम नेटके होते. मजुरांच्या पाठी मात्र कायमच्या जायबंदी होत. मजूर कोर्टात गेले. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्या कुदळीवर बंदी आली. लांब दांडा आला. शेती काही बुडाली नाही.

आपल्याकडेही उभ्याने चालवायची हातकोळपी आहेत. पण ती बाईच्या हाती किती येतात?

म्हणून पुढच्या बैठकीत मजुरीच्या दराबरोबर हत्याराचाही विषय घ्या. दांडा किती लांब, मूठ किती जाड, वजन किती पेलते, हे राबणाऱ्या बायकांनीच सांगावे. गावच्या लोहार-सुताराकडून नमुना करून घ्यावा, वापरावा, पुन्हा बदलावा. खर्च मालकाकडे मागावा. आपल्या मापाचे हत्यार हा उपकार नव्हे, हक्क आहे.