दोष क्लोरीनचा की पाण्याच्या कारभाराचा?

नव्या गावी केस गळू लागले की ‘इथले पाणी मानवत नाही’ असे म्हणण्याची मराठी घरांत जुनी रीत आहे. अमेरिकेत आलेल्या कुटुंबांत या संशयाला क्लोरीन हे नाव मिळाले आहे. त्यावर एक बाजारपेठही उभी राहिली आहे. शॉवरला बसवायचे फिल्टर समाजमाध्यमांवर मऊ त्वचेच्या आणि दाट केसांच्या आश्वासनांसह विकले जातात. काहींची किंमत दीडशे डॉलरच्या पुढे जाते आणि आतले काडतूस दर काही महिन्यांनी बदलावे लागते. या संशयात तथ्य किती, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

तथ्य आहे, पण मर्यादित. क्लोरीन त्वचेवरील आणि केसांवरील नैसर्गिक तेलकट थर कमी करतो. जपानमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इसबाचा त्रास असलेल्यांच्या त्वचेची ओलावा धरून ठेवण्याची क्षमता क्लोरीनयुक्त पाण्याने घटल्याचे आढळले. रंगवलेले केस त्याने अधिक कोरडे होऊ शकतात. मात्र नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे केस मुळापासून गळतात, याला भक्कम पुरावा नाही. अमेरिकेत या पाण्यातील क्लोरीनची कमाल मर्यादा वार्षिक सरासरीने लिटरमागे ४ मिलिग्रॅम आहे. इसबाच्या काही रुग्णांना त्वचारोगतज्ज्ञ स्वतःच ब्लीच मिसळलेल्या पाण्यात बसण्याचा सल्ला देतात आणि त्या पाण्यात क्लोरीनचे प्रमाण या मर्यादेच्या दसपटीहून अधिक असते. दीर्घकाळ कढत पाण्याखाली उभे राहणे, तीव्र साबण आणि हिवाळ्यात हीटरने कोरडी झालेली घरातील हवा हीच कोरडेपणाची नेहमीची कारणे होत.

क्लोरीन पाण्यात आला तो जीव वाचवण्यासाठी. २६ सप्टेंबर १९०८ रोजी न्यू जर्सीतील जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांच्या पुढाकाराने तो नियमितपणे मिसळला जाऊ लागला. पुढे अमेरिकी शहरांतील विषमज्वराची साथ ओसरली, त्यात या उपायाचा मोठा वाटा होता. महाराष्ट्रातील गावच्या विहिरीत पडणारी टीसीएल पावडर हे त्याच उपायाचे ग्रामीण रूप.

तरीही ‘पाणी बाधले’ ही तक्रार हसण्यावारी नेणे किती महाग पडते, हे मिशिगनमधील फ्लिंटने दाखवून दिले. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या या गरीब शहराचा कारभार तेव्हा राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी घेण्यात आले. नळवाहिन्यांचे गंजण्यापासून रक्षण करणारी प्रक्रिया मात्र करण्यात आली नाही. काही महिन्यांतच नागरिक पुरळ आणि केसगळतीच्या तक्रारी घेऊन सभांना येऊ लागले. पाणी सुरक्षित असल्याचे अधिकारी सांगत राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून आपल्या कारखान्यात हे पाणी वापरणे थांबवले. यंत्रांची तक्रार ऐकली गेली, माणसांची नाही.

क्लोरीनचे वर्तन येथे उलटसुलट होते. पाण्यात जंतू सापडल्यावर क्लोरीन वाढवण्यात आला, तेव्हा त्यापासून बनणारी ट्रायहॅलोमिथेन ही उपद्रवी संयुगे मर्यादेबाहेर गेली. दुसरीकडे गंजत्या वाहिन्यांतील लोह तोच क्लोरीन खाऊन टाकत होते आणि शहराच्या काही भागांत तो फारच कमी उरत होता. लिजनेला जिवाणूचा फैलाव शॉवरच्याही तुषारांतून होऊ शकतो. त्या काळातील लिजनेअर आजाराच्या साथीत १२ जण दगावले आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या साथीचा संबंध अपुऱ्या क्लोरीनशी जोडला. पुरळांची चौकशी करणाऱ्या संघीय यंत्रणांनी ऑगस्ट २०१६ मध्ये सांगितले की, तपासलेल्यांपैकी अनेकांचे पुरळ पाण्याशी संबंधित असू शकते आणि नदीच्या पाण्याच्या काळात क्लोरीन, आम्लता व जडपणा यांत झालेले चढउतार त्याला कारणीभूत असू शकतात. लोकांची शंका निराधार नव्हती. एकट्या क्लोरीनवर ठपका ठेवून मात्र तिचे उत्तर मिळाले नसते.

बुलढाणा जिल्ह्यातील अनुभव याच धड्याची दुसरी बाजू दाखवतो. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत २०२५ च्या आरंभी लोकांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला. पुढे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी शिधावाटपातील गव्हात आढळलेल्या जास्तीच्या सेलेनियमकडे लक्ष वेधले. लक्षण खरे होते. कारण शोधायला मात्र प्रयोगशाळा लागली.

शॉवरचा फिल्टर हे काम करू शकत नाही. अमेरिकेत अशा फिल्टरसाठी असलेले एनएसएफ-१७७ हे मानक केवळ मुक्त क्लोरीन कमी करण्याची क्षमता तपासते. देशातील पाचांपैकी एकाहून अधिक लोकांच्या नळाला क्लोरामाइन मिसळलेले पाणी येते आणि ते काढणे अधिक कठीण असते. पाण्याचा जडपणाही या फिल्टरने जात नाही. काडतूस वेळेवर बदलले नाही, तर क्लोरीनविरहित ओलाव्यात जंतू वाढण्याचा धोका उरतोच.

अमेरिकेतील प्रत्येक सार्वजनिक नळयोजनेला दरवर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. क्लोरीन आहे की क्लोरामाइन, त्याचे प्रमाण किती, उपसंयुगे मर्यादेत आहेत का, हे त्यात लिहिलेले असते. बहुतेक घरांत तो न वाचताच बाजूला पडतो. खाजणाऱ्या त्वचेसाठी डॉक्टरकडे अवश्य जावे. पण एकाच वस्तीतील अनेक घरांत एकाच वेळी तोच त्रास सुरू झाला, तर फिल्टर मागवण्याआधी तो अहवाल काढावा आणि पाणीपुरवठा करणाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. फिल्टर फार तर एका न्हाणीघरापुरता उपयोगी पडेल, वाहिनी मात्र साऱ्या गावाची असते.