कलेचे माप

मुलांनो, अशी कल्पना करा की, करंजाडे येथील एका शाळेत चित्रकलेची स्पर्धा भरली आहे. परीक्षक मात्र माणूस नसून संगणक आहे. तो प्रत्येक चित्राला गुण देतो आणि क्षणात निकाल लावतो. असा निकाल आपण मान्य करावा काय?

कला मोजण्याचा विचार नवा नाही. १९३३ साली जॉर्ज बर्कहॉफ या अमेरिकन गणितज्ञांनी त्यासाठी एक सूत्र मांडले. आकृतीतील सुसंगतीला तिच्यातील गुंतागुंतीने भागले की सौंदर्याचे माप मिळते, असे त्यांचे मत होते. त्यांनी ९० बहुभुजाकृती तपासल्या. त्यांत पहिला क्रमांक चौरसाचा लागला! पुढे २०१५ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०,००० हून अधिक चित्रे संगणकाकडून तपासून घेतली. जे चित्र आधीच्या चित्रांहून वेगळे आणि ज्याच्याशी नंतरच्या चित्रांचे साम्य आढळे, ते अधिक सर्जनशील ठरे. इतकी चित्रे ताडून पाहणे एका माणसाच्या हातून होणे कठीण. संगणकाचे हे साहाय्य आपण अवश्य घ्यावे.

परंतु संगणकाला जेवढे दाखवावे, तेवढेच तो जाणतो. आपल्याच राज्यातील वारली चित्रांचे उदाहरण घ्या. वारली स्त्रिया पिढ्यान् पिढ्या लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहीत आल्या. भिंत पुन्हा सारवली की ते चित्र नाहीसे होई. १९७० नंतरच्या काळात जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर व कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. संगणकाच्या संग्रहात म्हसे यांची चित्रे असतील. पण सारवणाखाली गेलेल्या भिंती तेथे कोठून येणार? मग तो म्हणेल, 'हे सर्वस्वी नवे!' आणि त्या अनाम स्त्रियांचे श्रेय हिशेबातून गळून पडेल.

शिवाय चित्रातील वर्तुळे, त्रिकोण व चौकोन यंत्र बिनचूक मोजील. पण तो चौक लिहिल्यावाचून लग्न का पार पडत नसे, हे त्या मोजणीत सापडणार नाही. चित्राचा अर्थ जसा रेषांत असतो, तसा तो माणसांच्या जगण्यातही असतो.

म्हणून आपल्या स्पर्धेत संगणकाने हवे तर आकडे पुरवावेत. निकाल मात्र माणसाने द्यावा आणि तो का दिला, हेही सांगावे. तुम्हीही एखाद्या चित्रापुढे उभे राहाल, तेव्हा त्याला किती गुण मिळाले हे विचारण्यापूर्वी ते स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहा.