वाटाणा डाळीचे दाट सूप

हॉलंडमध्ये कडाक्याच्या थंडीत घरोघरी वाटाणा डाळीचे सूप शिजते. चमचा उभा राहिला तर सूप जमले, असे तिकडे म्हणतात.

अर्धा किलो हिरव्या वाटाण्याची डाळ धुऊन दोन लिटर पाण्यात घाला. धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचा हाडासकट अर्धा किलो तुकडा, कांदा, गाजर, बटाटा टाका. मंद आचेवर दीड-दोन तास शिजवा. तळाला लागू देऊ नका. डाळ विरघळून दाटपणा येतो, मैदा लागत नाही. मांस सोडवून पुन्हा सूपात घाला. ते खारट असते, म्हणून मीठ शेवटी, चाखूनच.

हाडाला आम्ही टाकाऊ म्हणत नाही. त्याच्याच रसावर सहा माणसे पोटभर जेवतात.